कमी उंचीच्या स्त्रीने वजनाचे उद्दिष्ट कसे ठरवावे?

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही तीन शहरे ओळीने लागतात. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून उभे राहिलेले उल्हासनगर, शिलाहारकालीन शिवमंदिराचे व कारखान्यांचे अंबरनाथ आणि जांभळांसाठी ख्यात असलेले बदलापूर यांची घडण भिन्न आहे. मात्र येथील स्त्रियांच्या वजनाची चर्चा निघाली की एक आकडा हमखास ऐकू येतो. बाईचे वजन पंचावन्न किलोच्या आत असले म्हणजे झाले, असे सर्रास मानले जाते. हा आकडा निराधार नाही. परंतु तो कोणासाठी आहे हे पाहणे अगत्याचे आहे.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली आहाराच्या शिफारशी सुधारल्या. त्यांत हिशेबासाठी जी ‘प्रमाण स्त्री’ धरली आहे तिचे वजन ५५ किलो व उंची १६२ सेंटिमीटर आहे. भारतीय स्त्रीची सरासरी उंची मात्र सुमारे १५२ सेंटिमीटर भरते, आणि १४५ ते १५० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रिया तर आपल्याकडे घरोघरी आहेत. दुसऱ्याच्या मापाचा झगा अंगावर चढवावा, तसे हे पंचावन्न किलो त्यांच्यावर चढविले जातात.

उंचीच्या मानाने वजन मोजण्याची सर्वमान्य रीत म्हणजे शरीर वस्तुमान निर्देशांक, अर्थात बीएमआय. वजनाच्या किलोंना मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. एकोणिसाव्या शतकात हे सूत्र मांडणारे बेल्जियमचे क्वेटेले हे वैद्य नव्हते. ते खगोलशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ होते, आणि त्यांना एकेका व्यक्तीचे निदान करावयाचे नसून समाजाची सरासरी काढावयाची होती. सूत्राची ही मर्यादा ध्यानात ठेवूनच त्याचा उपयोग करणे इष्ट होय.

जागतिक पातळीवर १८.५ ते २४.९ हा निर्देशांक निरोगी मानला जातो. भारतीयांसाठी मात्र २००९ साली प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या निवेदनात वरची मर्यादा २२.९ ठरविण्यात आली. २३ पासून वजन अधिक व २५ पासून स्थूलता मानली जाते. या फरकाचे एक कारण पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून उलगडते. २००४ साली त्यांनी व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण याज्ञिकांचे २१.२ टक्के, तर युडकिन यांचे ९.१ टक्के होते. भारतीय शरीर दिसावयास सडपातळ असले तरी आत चरबी बाळगून असू शकते आणि मधुमेह त्याला लवकर गाठतो, हे त्यावरून स्पष्ट झाले.

आता हिशेब पाहू. १४५ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीसाठी निरोगी वजन सुमारे ३९ ते ४८ किलो येते. १५० सेंटिमीटरसाठी साडेएक्केचाळीस ते साडेएक्कावन्न किलो. पंचावन्न किलो वजनाच्या ‘प्रमाण स्त्री’चा निर्देशांक २१ असतो. तेच वजन १५० सेंटिमीटरच्या स्त्रीचा निर्देशांक २४.४ वर नेते आणि १४५ सेंटिमीटरच्या स्त्रीचा २६.२ वर, म्हणजे स्थूलतेत. याउलट, १४५ सेंटिमीटर उंचीची व ४० किलो वजनाची सून ‘वाळली आहे’ म्हणून शेजारणी हळहळतात. तिचा निर्देशांक १९ आहे आणि वजनाच्या दृष्टीने ती ठीक आहे. ३६ किलोवर मात्र तो १७ वर उतरतो व चिंता सुरू होते.

हिशेब अचूक यावयाचा तर मोजणी अचूक हवी. तीन सेंटिमीटर टाचेची चप्पल पायांत ठेवून उंची घेतली, तर १४५ सेंटिमीटर व ५० किलोच्या स्त्रीचा निर्देशांक २३.८ ऐवजी २२.८ भरतो आणि ती कागदोपत्री निरोगी ठरते! अंबाडा सोडून, अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून उंची घ्यावी. शिबिरांच्या घाईत नेमके हेच राहून जाते.

वजनाइतकेच कमरेचे माप महत्त्वाचे. तीस वर्षांवरील व्यक्तींच्या असंसर्गजन्य रोग तपासणीसाठी आशा सेविका जो अर्ज भरतात त्यात स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटरपर्यंतच्या कमरेला शून्य, ८१ ते ९० ला एक व त्यावर दोन गुण आहेत. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, असाही एक सोपा दंडक आहे. त्यानुसार १४५ सेंटिमीटरच्या स्त्रीची मर्यादा साडेबहात्तर सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेअठ्ठावीस इंच येते. ठेंगण्या स्त्रीला ऐंशीची मर्यादा काहीशी सैलच पडते, असे म्हणावे लागेल. शिवणकामाच्या उल्हासनगरात फीत गल्लोगल्ली मिळते. ती परकराच्या नाडीच्या जागी न लावता शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून झाल्यावर लावावी.

खरी अडचण वजन उतरविताना येते. लहान शरीराला ऊर्जा कमी लागते. बैठे काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीस रोज १६६० किलोकॅलरी पुरतात. ४५ किलोच्या स्त्रीची गरज त्याहूनही कमी असते. अशा स्त्रीने उंच माणसासाठी लिहिलेला आहारतक्ता पाळून पाचशे किलोकॅलरी कापल्या, तर ताटात उरते काय? चरबीबरोबर स्नायूही झिजतात, थकवा येतो आणि महिन्या-दोन महिन्यांत सारे सोडून दिले जाते.

म्हणून उद्दिष्ट टप्प्याटप्प्याने ठरवावे. १४८ सेंटिमीटर उंचीच्या व ६० किलो वजनाच्या स्त्रीला निरोगी मर्यादा ५० किलोवर दिसते. दहा किलोंचा हा डोंगर पाहून ती हबकली तर नवल नाही. तिने प्रथम पाच टक्के, म्हणजे तीन किलो कमी करावेत. एवढ्यानेही रक्तदाब व रक्तातील साखर यांवर अनुकूल परिणाम होऊ लागतो. आठवड्याला पाव किलो या गतीने तीन महिने लागतील. त्यासाठी रोज सुमारे पावणेतीनशे किलोकॅलरींची तूट पुरते. दिवसातून पाच कप चहात दोन-दोन चमचे साखर घेणाऱ्या स्त्रीच्या पोटात केवळ साखरेतून दोनशे किलोकॅलरी जातात. हिशेब येथूनच सुरू करावा.

घरच्या अन्नात पुष्कळ काही आहे. पालक, चणाडाळ व आंबट चुका यांची सिंधी साई भाजी मराठी घरांनीही उचलण्याजोगी आहे. तळलेल्या मैद्याच्या पकवानाबद्दल तसे म्हणता येत नाही. उपवासाची साबुदाण्याची खिचडी हलकी समजली जाते, हा तर भ्रमच. प्रथिने मात्र कमी करू नयेत. दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८ ग्रॅम लागतातच. पहाटेची लोकल गाठणाऱ्या बदलापूरच्या नोकरदार स्त्रीला व्यायामाला वेळ नसतो, ही तक्रार खरी आहे. घर ते स्थानक हे अंतर रिक्षाऐवजी पायी, झपझप तोडणे तिला बहुधा शक्य असते.

उद्दिष्ट नेहमी खालीच असते असेही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या २०.८ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या, २३.४ टक्के अधिक वजनाच्या व ५४.२ टक्के रक्तक्षयी आढळल्या. अंबरनाथ तालुक्यातील ठाकूर व कातकरी पाड्यांवर काम करणाऱ्या कार्यकर्तीच्या नोंदवहीत वजन वाढविण्याचे उद्दिष्टही असावयास हवे. आणि निर्देशांक निरोगी असला तरी रक्तक्षय असू शकतो, तेव्हा हिमोग्लोबिनची तपासणी वगळू नये.

गर्भारपणात वजन घटविण्याचा प्रयत्न कधीही करू नये. शिक्षकांनीही एक पथ्य पाळावे: वर दिलेल्या मर्यादा प्रौढ स्त्रियांच्या आहेत. वाढत्या वयाच्या मुलींसाठी वयानुसार निराळे तक्ते असतात. वर्गातील ठेंगण्या मुलीला हे आकडे लावू नयेत.