तारेवाचून वीज

वीज म्हटली की तार आली. विहिरीवरच्या मोटारीला तार, पिठाच्या गिरणीला तार, घरातल्या दिव्याला तार. तार तुटली की दिवा गेला. हे आपण रोज पाहतो. मग कोणी म्हणाला, "तारेवाचूनही वीज एका जागेहून दुसऱ्या जागी जाते," तर आपण काय म्हणू? "काहीतरीच काय सांगता!" असंच म्हणू ना?

पण ही गोष्ट खरी आहे, आणि जुनीही आहे. आपल्या गावच्या डीपीत ती रोज घडते. हल्ली मोबाईल फोन नुसता एका चकतीवर ठेवला तरी चार्ज होतो. तेही याच युक्तीने.

मात्र खऱ्या गोष्टीच्या आडोशाने खोटीही खपवता येते. "ही डबी घ्या, हवेतून फुकट वीज मिळेल," असे कोणी सांगू लागला तर पैसे काढून द्यावेत का? हे दुसऱ्याला विचारत बसण्यापेक्षा आपल्यालाच ओळखता यावे. त्यासाठी तीन प्रश्न पुरेत.

वीज किती लांब गेली?
किती पाठवली?
किती पोचली?

हे तीन प्रश्न मनात धरून आपण हा धडा वाचू या.

पुस्तके बांधणारा मुलगा

इंग्लंडात लंडन शहराजवळ १७९१ साली एका लोहाराच्या घरी मायकेल फॅरडे जन्मला. घरची गरिबी. शाळा बेताचीच झाली. लिहिणे, वाचणे आणि थोडा हिशेब, एवढेच काय ते शिक्षण. चौदाव्या वर्षी तो पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवारीला राहिला. पाने शिवायची, पुठ्ठा चढवायचा, हे त्याचे काम. पण मायकेल पुस्तक बांधता बांधता ते वाचीही. अशाच एका पुस्तकात त्याला विजेची माहिती मिळाली. तिचे त्याला वेडच लागले. पुढे १८१३ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत तो प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला.

२९ ऑगस्ट १८३१ या दिवशी फॅरडेने एक प्रयोग केला. त्याने लोखंडाचे सहा इंच रुंदीचे एक कडे घेतले. कड्याच्या एका अंगाला तांब्याच्या तारेचे वेढे दिले. दुसऱ्या अंगाला दुसऱ्या तारेचे वेढे दिले. एका तारेचा दुसरीला कोठेही स्पर्श नव्हता. पहिली तार त्याने बॅटरीला जोडायची ठेवली. दुसरीजवळ लोहचुंबकाची सुई ठेवली. त्या तारेत वीज आली तर सुई हलणार.

बॅटरी जोडली. सुई टचकन हलली! पण लगेच जागेवर आली. बॅटरी जोडलेलीच होती, तरी सुई गप्प. मग बॅटरी तोडली. सुई पुन्हा हलली, पण उलट्या बाजूला.

याचा अर्थ काय? तारेतून वीज वाहू लागली की तारेभोवती लोहचुंबकाचा गुण येतो. हा गुण वाढला किंवा कमी झाला की शेजारच्या तारेत वीज उत्पन्न होते. तो आहे तसाच राहिला तर काही होत नाही. म्हणजे सगळी करामत बदलाची आहे.

आपल्या घरी येणारी वीज अशीच सारखी बदलत असते. ती एका सेकंदात पन्नास वेळा पुढे आणि मागे वाहते. म्हणून शेजारच्या तारेलाही सारखी वीज मिळत राहते. तारेच्या अशा वेढ्यांना कॉइल म्हणतात.

गावची डीपी

गावाच्या कडेला खांबावर किंवा ओट्यावर डीपी असते. तिच्यात ट्रान्सफॉर्मर असतो. वरून ११,००० व्होल्टची वीज येते. ती उतरून घरासाठी आणि शेतीसाठी वापरता येईल अशी होते. आपल्याला वाटते, एकच तार आत जाते आणि बाहेर येते. तसे नसते. आत दोन वेगवेगळी कॉइल असतात. दोन्ही लोखंडी पत्र्यांच्या एकाच गाभ्यावर गुंडाळलेली असतात. एकीतली वीज दुसरीत जाते ती तार जोडून जात नाही. फॅरडेच्या कड्यासारखीच जाते.

आता आपले तीन प्रश्न विचारू. किती लांब गेली? दोन-चार इंच. किती पाठवली? शंभर भाग. किती पोचली? चांगल्या ट्रान्सफॉर्मरात शंभरातले सुमारे अठ्ठ्याण्णव भाग. हा झकास सौदा झाला. कारण मधला लोखंडी गाभा लोहचुंबकाचा गुण गोळा करून दुसऱ्या कॉइलकडे नेतो.

(डीपीचे दार आपण कधीही उघडू नये. फ्यूज गेला तर वायरमनलाच बोलवावे.)

टेस्लाचा मनोरा

हातभर अंतरावर वीज गेली, मग कोसभर का जाऊ नये? असे निकोला टेस्ला या इंजिनियरला वाटले. टेस्ला १८५६ साली आजच्या क्रोएशिया देशात जन्मला आणि १८८४ साली अमेरिकेत गेला. फार मोठा बुद्धिमान माणूस. विहिरीवरच्या बहुतेक मोटारी ज्या तत्त्वावर चालतात, त्या तत्त्वाच्या मोटारीचे हक्क त्याला १८८८ साली मिळाले. या मोटारीचा फिरणारा भाग बाहेरच्या तारेला जोडलेला नसतो. बाहेरच्या कॉइलपासून त्याला तारेवाचूनच वीज मिळते. म्हणजे बघा, तारेवाचूनची वीज आपल्या शेतातही आहे.

१९०१ साली टेस्लाने न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला, लाँग आयलंड बेटावर एक मोठा मनोरा बांधायला घेतला. उंची १८७ फूट. पैसे दिले जे. पी. मॉर्गन या सावकाराने, दीड लाख डॉलर. आधी समुद्रापार संदेश पाठवायचे आणि पुढे वीजही पाठवायची, असा टेस्लाचा बेत होता. पैसे संपले. त्याने आणखी मागितले. मॉर्गनने नकार दिला. काम अडले. १९१७ साली मनोरा पाडला गेला. त्या मनोऱ्यावरून दूरच्या एकाही घरात दिवा लागला नव्हता.

काही लोक म्हणतात, "सावकाराने पैसे दिले असते तर आज जगाला फुकट वीज मिळाली असती." मॉर्गनने पैसे दिले नाहीत हे खरे. पण नुसत्या पैशांनी काम झाले असते का? वीज पसरते, त्याचे काय करणार?

कसं ते दिव्याच्या उदाहरणाने पाहू. दिव्याजवळ बसलो तर अक्षर स्पष्ट दिसते. दुप्पट लांब गेलो की अक्षरावर चौथाईच उजेड पडतो. तिप्पट लांब गेलो की नववा हिस्सा. उजेड कोणी चोरला नाही. तो चहूकडे पसरला. कॉइलभोवतीचा लोहचुंबकाचा गुण तर अंतराने याहूनही झपाट्याने कमी होतो. रेडिओलाही दूरच्या मनोऱ्याच्या लहरी तारेवाचून मिळतात. पण त्या इतक्या क्षीण असतात की रेडिओत वेगळे सेल घालावे लागतात. लहरीने निरोप येतो, मोटार चालवण्याइतके बळ येत नाही.

झोत करून पाठवलेली वीज

पसरते म्हणून अडते, तर मग झोत का करू नये? टॉर्चचा झोत लांब जातो तसा. अमेरिकन इंजिनियर विल्यम ब्राऊन याने हेच केले. विजेपासून मायक्रोवेव्ह नावाच्या लहरी करायच्या, त्यांचा झोत सोडायचा आणि पलीकडे त्या लहरींची पुन्हा वीज करायची. १९६४ साली त्याने एक लहान हेलिकॉप्टर जमिनीवरून पाठवलेल्या अशा झोताच्या बळावर साठ फूट उंचीवर दहा तास तरंगत ठेवले. ते दोऱ्यांनी सरळ धरलेले होते, पण त्यात इंधन नव्हते.

१९७५ साली अमेरिकेतच कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, गोल्डस्टोन येथे, त्याहून मोठा प्रयोग झाला. एका प्रचंड तबकडीतून झोत सोडला. सुमारे दीड किलोमीटरवर ३० किलोवॉटहून जास्त वीज मिळाली. पाच अश्वशक्तीच्या आठ मोटारी चालाव्यात इतकी ही वीज होती.

जे लहरी झेलणाऱ्या पाट्यांवर पडले, त्यातले शंभरातले ब्याऐंशी भाग वीज होऊन आले. वा! पण थांबा. कोणत्या शंभरातले? जे पाट्यांवर पडले त्यातले. जे पाट्यांच्या बाहेर गेले ते या हिशेबात धरलेलेच नाही. शेंगांची गाडी भरून निघाली, वाटेत बरीच सांडली, आणि आपण फक्त घरी पोचलेल्या शेंगा मोजल्या, तसे हे झाले. म्हणून कोणी टक्केवारी सांगितली की विचारावे, "कशाचे टक्के?"

झोक्याची युक्ती

झोक्याला वेळेवर हात लावला तर लहान पोरही मोठ्या माणसाला उंच झुलवते. वेळ चुकली तर झोका अडखळतो. विजेच्या कॉइललाही अशी स्वतःची झुलण्याची लय असते. दोन कॉइलांची लय एकच केली तर एकीपासून दुसरीला बळ अधिक सहज मिळते.

मॅसॅच्युसेट्स येथील एम.आय.टी. या अमेरिकेतल्या विद्यापीठात मारिन सोल्याचिच आणि त्याच्या सोबत्यांनी २००७ साली हे दाखवून दिले. सुमारे दोन फूट रुंदीची दोन कॉइल. मध्ये दोन मीटरहून जास्त अंतर. पलीकडे ६० वॉटचा दिवा लागला.

मग तीन प्रश्न. किती लांब? सुमारे सात फूट. किती पोचली? शंभरातले सुमारे चाळीस भाग. तेव्हा किती पाठवावी लागली? हिशेब करा. ६० वॉट हवे तर १५० वॉट पाठवायचे. नव्वद वॉट वाटेत गेले. नव्वद वॉट गमावून साठ मिळवायचे! शास्त्राच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. पण बिल भरणाऱ्याला विचारा.

जिथे तार नको तिथे

मग ही विद्या कशाला हवी? जिथे तार नेणे धोक्याचे किंवा अवघड आहे, तिथे ती सोन्यासारखी आहे.

काही मुलांना जन्मतः ऐकू येत नाही. त्यांतल्या काहींच्या कानामागे शस्त्रक्रिया करून कातडीखाली एक यंत्र बसवतात. त्याला कॉक्लियर इम्प्लांट म्हणतात. त्या यंत्राला वीज लागते. कातडीतून तार आत नेली तर तिथे कायमची जखम राहील, पू होईल. म्हणून बाहेर एक लहान कॉइल ठेवतात आणि कातडीखाली दुसरे. मध्ये फक्त कातडी. वीज आणि आवाजाचा निरोप दोन्ही तिच्यातून आत जातात. अंतर काही मिलीमीटरच. थोडी वीज वाया गेली तर गेली. पोराला आईची हाक ऐकू येते.

दुसरे उदाहरण बसचे. दक्षिण कोरियात गुमी या शहरात २०१३ साली रस्त्याखाली कॉइल पुरून विजेच्या बस चालवल्या. मार्ग २४ किलोमीटरचा. रस्ता आणि बसचे पोट यांत १७ सेंटीमीटर अंतर. तेवढ्यातून शंभरातले पंच्याऐंशी भागांपर्यंत वीज बसमध्ये येई. रस्त्याखालची वीज बस डोक्यावर आली तेवढ्यापुरतीच चालू होई.

घरात वापरताना

इंडक्शन शेगडीत काचेखाली चपटे कॉइल असते. ते भांड्याच्या बुडातच वीज उत्पन्न करते आणि बूड तापते. ज्या भांड्याला लोहचुंबक चिकटतो तेच या शेगडीवर चालते. नुसते ॲल्युमिनियमचे किंवा तांब्याचे भांडे साध्या इंडक्शन शेगडीवर तापत नाही.

फोनच्या चकतीवर फोन नीट मध्यभागी ठेवावा. बाजूला सरकला तर कमी चार्ज होतो आणि तापतो. फोन व चकती यांत नाणे, किल्ली, पिन असे काही धातूचे ठेवू नये. तेही तापू शकते.

ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे, त्यांनी अशी चकती व फोन छातीजवळ धरू नये. शेगडीवर वाकून काम करू नये. किती अंतर ठेवायचे ते डॉक्टरांना विचारून घ्यावे.

तर मंडळी, वीज तारेवाचून जाते हे खरे. जवळ असेल तर भरपूर जाते, लांब असेल तर थोडीच पोचते. आणि जी पोचते ती कोणीतरी कोठेतरी तयार करून पाठवलेली असते. तिचे बिल कोणाला तरी भरावेच लागते. उद्या कोणी फुकट विजेची डबी विकायला आला, तर त्याच्याशी भांडू नका. त्याला शांतपणे तीन प्रश्न विचारा. डबी त्याची, पण पैसे आपले आहेत.

नवे शब्द
उमेदवारी : काम शिकण्यासाठी केलेली नोकरी
कॉइल : तारेचे वेढे, गुंडाळी
गाभा : मधला भाग
क्षीण : अगदी अशक्त

उत्तरे द्या
१. फॅरडेच्या प्रयोगात सुई केव्हा हलली आणि केव्हा हलली नाही?
२. डीपीत दोन कॉइलांच्या मध्ये काय असते? त्याचा उपयोग काय?
३. शंभरातले चाळीसच भाग पोचत असतील, तर २० वॉटचा दिवा लावायला किती वॉट पाठवावे लागतील?

करून पाहा
एक लहान लोहचुंबक घ्या. घरातली भांडी एकेक करून तपासा. इंडक्शन शेगडीवर चालतील अशी किती निघाली, ते वहीत लिहा.