काळ्या मोलेचा डबा

वाहाकाला जायचं तर हातातल्या सामानावरच जावं, हे माझं मत आजही कायम आहे. ओळखीतलं कुणी मेक्सिकोला निघालं की मी तेच सांगते. मात्र सोबत दोन गोष्टी बजावते. त्या मला आधी कुणी सांगितल्या असत्या तर माझ्या नणंदेची एक रात्र औषधाविना गेली नसती, आणि एका बाईने आपल्या गेलेल्या नवऱ्याच्या नावाने रांधलेलं अन्न विमानतळावरच्या पिंपात गेलं नसतं.

इंग्रजी अक्षरांत नाव पाहिलं की ‘ओआक्साका’ असं वाचलं जातं. उच्चार मात्र वाहाका. दक्षिण मेक्सिकोतल्या डोंगरांच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून साधारण १५५० मीटर उंचीवर हे शहर आहे. शेजारच्या डोंगरमाथ्यावर सापोतेक लोकांनी वसवलेली मोन्ते आल्बान ही प्राचीन नगरी. शहराचा जुना भाग आणि ती नगरी मिळून १९८७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. माझी मुलगी ह्यूस्टनला असते. मी आणि वन्सं तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा ऑक्टोबरअखेर आठवडाभर वाहाकाला जायचं ठरलं. पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असल्यामुळे मेक्सिकोचा वेगळा घ्यावा लागला नाही. पण असले नियम बदलतात, निघण्याआधी वकिलातीकडून खात्री करून घ्यावी.

तारखा मुद्दाम निवडल्या होत्या. नोव्हेंबरची १ आणि २ म्हणजे तिथले मृतांचे दिवस. घरोघर गेलेल्या माणसांसाठी ओफ्रेंदा मांडतात: फोटो, मेणबत्त्या, पाव, त्यांच्या आवडीचं जेवण, आणि सगळीकडे झेंडू. झेंडू मूळचा तिकडचाच. तिथे त्याला सेम्पासूचिल म्हणतात. बाजारात त्या केशरी राशी पाहून वन्सं एकदम गप्प झाल्या. दसऱ्याला दाराला लावतो ते फूल इथे पितरांना घराची वाट दाखवतं, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

या दिवसांत शहराच्या मध्यभागी बँडसह मिरवणुका निघतात, रस्ते बंद होतात. आम्ही हालातलाको नावाच्या जुन्या वस्तीत एका बाईंच्या घरी राहणार होतो. गल्ल्या दगडी फरसाच्या, टॅक्सीवाल्याने चार वळणं आधीच उतरवलं. २३ किलोची बॅग त्या दगडांवरून ओढणाऱ्या एका जोडप्याला आम्ही पाहिलं. दर दहा पावलांवर थांबत होते. हात मोकळे असण्याचं महत्त्व मला तिथे कळलं. पण आमचे हात त्या वेळी फारच मोकळे होते. आमच्याकडे बॅगाच नव्हत्या.

झालं असं, की मेक्सिको सिटीहून वाहाकाला जाणारं विमान लहान होतं. विमानात चढायच्या रांगेत असतानाच कर्मचारी आल्या, चाकांच्या बॅगांना चिठ्ठ्या बांधू लागल्या. वरचे कप्पे लहान, सामान खाली जाईल, उतरल्यावर मिळेल. बोलणं स्पॅनिशमध्ये, मागे लोक उभे, मुलगी पुढे गेलेली. मी बॅग देऊन टाकली, वन्संनीही दिली. त्यांच्या रक्तदाबाच्या आणि थायरॉईडच्या गोळ्या त्या बॅगेत आहेत हे मला आसनावर बसल्यावर आठवलं. वाहाकाला पट्टा फिरून थांबला, तरी आमच्या दोन बॅगा आल्या नाहीत. त्या आल्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी.

ती पहिली रात्र मी जागी होते. वन्सं म्हणत होत्या, “एका रात्रीने काय होतंय गं, झोप तू.” पण त्यांचं वय ७१, मोठ्या प्रवासाचा शीण, आणि त्यात उंचीवरचं गाव. मला धीर धरवत नव्हता. सकाळी उठून औषधाच्या दुकानात गेलो. मेक्सिकोत बऱ्याच औषधांच्या दुकानांना लागूनच डॉक्टरांची छोटी खोली असते, थोड्या पैशांत तपासतात. त्या डॉक्टर तरुण होत्या, प्रेमळ होत्या, पण आम्ही सांगितलेल्या गोळीच्या नावाचा त्यांना काहीच बोध होईना, कारण ते आपल्याकडच्या कंपनीने ठेवलेलं नाव होतं. मुलीने नाशिकला फोन लावला. तिथे रात्र झाली होती. भाच्याने कपाटातलं जुनं पाकीट शोधून फोटो पाठवला, त्यावर बारीक अक्षरांत मूळ औषधाचं नाव होतं: टेल्मिसार्टन. स्पॅनिशमध्ये टेल्मिसार्तान. डॉक्टरांनी लगेच मान डोलावली. थायरॉईडच्या लेव्होथायरॉक्सिनला तिथे लेव्होतिरोक्सिना म्हणतात. मूळ नावं जगभर जवळजवळ तीच असतात. पाकिटावरचं ठसठशीत नाव मात्र आपल्या देशाच्या बाहेर कुणाला ओळखू येईलच असं नाही.

म्हणून पहिली गोष्ट. हातातली बॅग ही विमानाच्या दारापर्यंतच आपल्या हातातली असते. तिथे ती कुणीही, कुठल्याही क्षणी मागू शकतं, आणि नाही म्हणण्याची सोय नसते. तिच्या आत, अगदी वर, गळ्यात अडकवता येईल अशी कापडी पिशवी ठेवा. सगळ्या गोळ्या मूळ पाकिटांतच, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, जादा चष्मा, पासपोर्ट, पैसे, एक अंतर्वस्त्रांचा जोड, आणि फोनची पॉवर बँक. ही शेवटची वस्तू तर खाली जाणाऱ्या सामानात ठेवायला बंदीच आहे, त्यामुळे बॅग द्यायची वेळ आली की ती बाहेर काढावीच लागते. चिठ्ठी बांधायला कुणी पुढे आलं की पिशवी उचलायची, मग बॅग द्यायची. गोळ्यांच्या मूळ नावांचा कागद पिशवीत ठेवाच, शिवाय फोनमध्येही ठेवा. स्वस्त तिकिटावर तर काही वेळा आसनाखाली मावेल एवढीच पिशवी फुकट नेता येते, चाकांच्या बॅगेचे वेगळे पैसे पडतात. तेव्हा तिकीट काढतानाच मापं नीट वाचावीत.

बॅगांची वाट पाहण्यात एक गोष्ट चांगली झाली. ३१ तारखेच्या रात्री आम्हाला होहोकोत्लानच्या स्मशानात जायचं होतं. लोक तिथे रात्रभर आपल्या माणसांच्या थडग्यांपाशी बसतात. मेणबत्त्या, झेंडू, कोपालचा धूप, कुठे गाणी, कुठे नुसतं शांत बसणं. दिवसा ऊन चटके देतं, पण रात्री तिथे चांगला गारवा येतो, आणि आमचं गरम कपड्यांचं सामान कुठल्या विमानतळावर होतं कोण जाणे. बाजारातून आम्ही दोन रेबोसो घेतले. रेबोसो म्हणजे लांब शाल, डोक्यावरून घ्यावी, खांद्यावर टाकावी, तीत लेकरू बांधावं, भाजी आणावी. वन्संनी तो पदरासारखा घेतला. थडग्याशी बसलेल्या एका आजीने त्यांना हात धरून शेजारी बसवलं आणि गरम चॉकलेट दिलं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. तासभर त्या तशाच बसल्या होत्या. मी त्या रात्रीचा एकही फोटो काढला नाही, आणि जाणाऱ्यांनाही सांगते, विचारल्याशिवाय काढू नका. ते कुणाचं तरी घरचं दुःख आहे.

कपडे खरंच थोडे पुरतात. तीन सुती जोड, एक शाल, टोपी, आणि पायात आधीपासून वापरलेले मऊ तळव्याचे बूट. नवे बूट त्या दगडांवर नकोत. कपडे किलोवर धुऊन देणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत. मोन्ते आल्बानला सावली नाही, तिथे सकाळी लवकर जावं. तिथल्या सातव्या क्रमांकाच्या थडग्यात आल्फोन्सो कासो या पुरातत्त्वज्ञाला १९३२ साली सापडलेलं सोनं आणि पिरोजांचं काम शहरात सान्तो दोमिंगोच्या मठातल्या संग्रहालयात मांडलंय. ते पाहायला निदान अर्धा दिवस ठेवा.

आता वस्तूंचं. वाहाकाच्या भोवतालची गावं हातांच्या कामावर जगतात, आणि तिथे जाऊन रिकाम्या हाताने परत येणं मला तरी जमलं नसतं. तेओतित्लान देल वायेमध्ये लोकरीच्या सतरंज्या विणतात. तिथल्या विणकर बाईने निवडुंगावर वाढणारा कोचिनीलचा किडा तळहातावर चिरडून दाखवला: गडद लाल. त्यावर लिंबू पिळलं तर तो केशरी झाला, सोडा टाकला तर जांभळा. नैसर्गिक रंगाची सतरंजी महाग असते आणि तिने सांगितलेली किंमत मला कमीच वाटली. तिथे घासाघीस करू नये असं मी मनापासून सांगते, कारण एका सतरंजीमागे कित्येक आठवड्यांचं काम असतं. सान मार्तिन तिल्काहेतेमध्ये कोपालच्या लाकडाचे रंगीत प्राणी, आलेब्रिहे, कोरतात. त्यांचे कान, शेपट्या पुष्कळदा वेगळ्या काढता येतात, काढून घेतल्या की मोडत नाहीत. सान बार्तोलो कोयोतेपेकची काळी माती गारगोटीने घासून चकचकीत करतात. ती भांडी हलकी, पण नाजूक. आणि त्या चकचकीत भांड्यात पाणी टिकत नाही, हे घेताना लक्षात ठेवावं. आम्ही मळके कपडे गुंडाळून दोन छोटी भांडी आणली, सुखरूप आली. सतरंजीचा वळकुटा मी पाठीवरच्या पिशवीवर आडवा बांधला.

म्हणजे जाताना बॅग निम्मी रिकामी हवी. मी ती भरून नेली होती, आणि परत येताना दोन चांगले कुडते घरमालकीणबाईंच्या मुलीला देऊन आले. तिला आवडले, मला त्याचं वाईट वाटलं नाही.

वाईट वाटतं ते मोलेचं. मोले नेग्रो म्हणजे वाहाकाचं काळं वाटण. चिल्वाक्ले नावाची तिथलीच काळी मिरची, आणखी दोनतीन जातीच्या सुक्या मिरच्या, तीळ, लवंग, दालचिनी, चॉकलेट, आणि मुद्दाम करपवलेली मक्याची भाकरी. आपल्याकडे काळ्या मसाल्यासाठी खोबरं, कांदा खरपूस करतात, तसाच तो धुरकट वास. बाईंनी नवऱ्याच्या ओफ्रेंदासाठी मोले दोन दिवस खपून केलं. वन्सं शाकाहारी आहेत हे त्यांना कळलं होतं, म्हणून डुकराची चरबी आणि कोंबडीचा रस्सा घालण्याआधीच त्यांनी थोडं वाटण वेगळं काढलं, तेलात परतलं, आम्हाला तांदळाबरोबर वाढलं. निघायच्या दिवशी उरलेलं सगळं डब्यात भरून, झाकण चिकटपट्टीने बंद करून हातात दिलं. डब्यावर त्यांनी नवऱ्याचं नाव लिहिलं होतं.

आम्ही रात्रीच्या बसने मेक्सिको सिटीला आलो, सहा-सात तासांचा रस्ता. बसमध्ये डब्याला कुणी विचारलं नाही. सकाळी विमानतळावर तपासणीच्या यंत्रातून बॅग बाहेर आली आणि बाजूला घेतली गेली. वाटण हे द्रवातच मोजतात, १०० मिलिलिटरच्या वर हातातल्या सामानात चालत नाही. मुलीने विचारलं, परत जाऊन पैसे भरून बॅग खाली देता येईल का? देता आली असती, पण सामान घ्यायची वेळ संपून गेली होती. अधिकारी नम्र होत्या. त्यांनी डब्यावरचं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, “लो सिएन्तो” म्हणाल्या, आणि डबा पिंपात टाकला.

तर दुसरी गोष्ट: जाताना हातातलं सामान पुरे, येताना नाही. परतीच्या तिकिटावर खाली जाणाऱ्या एका बॅगेचे पैसे आधीच भरून ठेवा, ऐन वेळी ते जास्त पडतात. घडी होणारी रिकामी बॅग नेता येते. मोले, मेस्काल या तिथल्या दारूची बाटली, मध, सगळं त्यात. ज्यांना ते करायचं नाही त्यांनी कोरडंच घ्यावं: चॉकलेटच्या वड्या, भाजलेली कॉफी, कोपालचा धूप, काही दुकानांत मिळते ती मोलेची पूड. अमेरिकेत उतरणार असाल तर कुठलाही खाण्याचा पदार्थ अर्जावर किंवा अधिकाऱ्याला सांगावाच लागतो. मांस, ताजी फळं बरोबर नकोत. आणि विमानतळावर तीन तास आधी पोचा, म्हणजे चूक लक्षात आली तर काउंटरपर्यंत परत जायला वेळ उरतो.

बाईंना मी बरेच दिवस काही कळवलं नाही. शेवटी मुलीकडून स्पॅनिशमध्ये लिहून घेतलं, जसं झालं तसं. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं: पुढच्या वर्षीही मोले करणार आहे, कुणालातरी पाठवा.

मुलगी येत्या ऑक्टोबरात जाते आहे. परतीच्या तिकिटावर बॅग लिहून घेतली आहे. माझ्याकडून तिने घट्ट झाकणाचे दोन स्टीलचे डबे मागून नेले, एकात एक बसणारे. मोठा भरून आणायचा आहे, लहान बाईंकडे ठेवायचा.