आकाशाचा नकाशा

शेताला बांध असतो, घराला कुंपण असते, गावाला शीव असते. आकाशाला मात्र सीमा नाही, असे सर्वजण मानतात. विमानतळाच्या आसपास ही समजूत खरी ठरत नाही. तेथील आकाश मोजलेले असते. कोणत्या जागी इमारत किती उंच असावी, हे सांगणारा एक नकाशा असतो. त्या नकाशावरील सीमा डोळ्यांना दिसत नाही. पण विमानातील प्रवाशांचे प्राण तिच्यावर अवलंबून असतात. ही सीमा कशी आखली गेली, हे मुंबईच्या दोन विमानतळांच्या कथेवरून चांगले समजते.

१९२८ साली जुहू येथे समुद्राजवळच्या सपाट भूमीवर विमानांसाठी मैदान तयार झाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे येथेच उतरले. त्यांचे विमान लहान व एकाच इंजिनाचे होते. पावसाळ्यात ते मैदान पाण्याखाली जाई. तेव्हा टपालाची विमाने पुण्यास उतरत. अशा विमानाला थोडी जमीन आणि थोडे मोकळे आकाश पुरे असे.

पुढे विमाने जड व वेगवान झाली. त्यांना लांब धावपट्टी हवी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जवळच सांताक्रूझ येथे मोठा तळ उभा राहिला, आणि १९४८ साली मुंबईची प्रवासी विमाने तेथून ये-जा करू लागली. १९५१ साली जगातील अनेक राष्ट्रांच्या नागरी विमान वाहतूक संघटनेने विमानतळांविषयीचे समान नियम स्वीकारले. धावपट्टी जितकी मोठी, तितके तिच्यासाठी राखावयाचे आकाशही मोठे, हे त्या नियमांमागील एक मुख्य तत्त्व आहे.

हे राखलेले आकाश कसे असते? विमानतळावर ४५ मीटर उंचीवर एक प्रचंड परात तरंगत आहे, अशी कल्पना करावी. मोठ्या धावपट्टीसाठी या परातीचा सपाट तळ सर्व बाजूंना सुमारे ४ किलोमीटर पसरलेला असतो. त्यापुढे परातीचा काठ सुरू होतो. तो दर १०० मीटर अंतरास ५ मीटर याप्रमाणे वर चढतो. तळाखालच्या कोणत्याही इमारतीचा माथा परातीला लागता कामा नये.

धावपट्टीच्या दोन्ही टोकांना नियम याहून कडक असतो. टोकाजवळ अरुंद आणि दूरवर रुंद होत जाणारा, सुपासारखा एक उतार तेथे कल्पिलेला असतो. मोठ्या धावपट्टीजवळ तो दर ५० मीटर अंतरास केवळ १ मीटर चढतो. म्हणजे एक किलोमीटर अंतरावर इमारतीला सुमारे २० मीटर उंचीच मिळते. या भागास मुंबईचे लोक ‘फनेल’, म्हणजे नरसाळे, या नावाने ओळखतात.

उतरणारे विमान तर दर किलोमीटरमागे सुमारे ५० मीटर खाली येते. मग इमारतींना इतकी कमी उंची का? कारण मधली जागा संकटासाठी राखलेली असते. दाट धुके पडले, वादळी पाऊस आला, वैमानिकाचा अंदाज किंचित चुकला किंवा उड्डाण करताच एक इंजिन बंद पडले, तर हीच रिकामी जागा विमानाला वाचवते. रिकामी दिसली, तरी ती वाया गेलेली नसते.

परंतु या नकाशाखाली माणसे राहतात. विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर या भागांत वस्ती दाट झाली आणि घरे जुनी झाली. मुंबईत जुनी इमारत पाडून त्या जागी उंच इमारत उभारतात व वरची घरे विकून खर्च भागवतात. नरसाळ्याखालील रहिवाशांना हा मार्ग मोकळा नसतो. म्हणून कित्येक कुटुंबे मोडकळीस आलेल्या घरांतच दिवस काढतात. त्यांचे गाऱ्हाणे खोटे नाही. आणि प्रवाशांचे प्राणही मोलाचे आहेत.

अशा वेळी नकाशा अचूक असावा लागतो. एक मीटर अधिक दिला, तर धोका. एक मीटर उगीच कमी दिला, तर अन्याय. भारत सरकारच्या २०१५ च्या नियमांनंतर विमानतळांभोवतीचा प्रदेश लहान चौकोनांत विभागून दाखवणारे रंगीत नकाशे वापरात आहेत. प्रत्येक चौकोनासाठी उंचीची मर्यादा दिलेली असते. लाल चौकोनात मात्र विमानतळ प्राधिकरणाची संमती घेतल्यावाचून बांधकाम करता येत नाही. ही उंची जमिनीपासून नव्हे, तर समुद्रसपाटीपासून मोजतात. मर्यादा ६० मीटर असेल आणि जमीनच १२ मीटर उंच असेल, तर इमारतीला ४८ मीटर मिळतात. पाण्याची टाकीही त्यातच मोजली जाते.

शहराला वर वाढावयाचे असते आणि विमानाला खाली उतरावयाचे असते. दोघांनी एकमेकांसाठी किती जागा सोडावी, हे या नकाशात लिहिलेले आहे.

शब्दार्थ
शीव – गावाची हद्द. मोडकळीस येणे – पडण्याच्या बेतास येणे. गाऱ्हाणे – तक्रार.

अभ्यास
१. जुहूच्या मैदानाला थोडेसे आकाश का पुरत असे?
२. ‘रिकामी दिसली, तरी ती वाया गेलेली नसते.’ हे वाक्य कशाविषयी आहे? ते स्पष्ट करा.
३. नरसाळ्याखालील रहिवाशांची अडचण आपल्या शब्दांत लिहा.
४. उंचीची मर्यादा ६० मीटर असता २५ मीटर उंचीच्या टेकडीवर किती उंच इमारत बांधता येईल?