हार्ड डिस्क बदलल्यावर घोंगावणारा पंखा

हार्ड डिस्क तू स्वतः बदललीस, मशीन सुरू झालं आणि पंखा घोंगावायला लागला. घाबरू नकोस, नवा पंखा आणायलाही धावू नकोस. आधी कान दे. खरखर किंवा टकटक ऐकू येत असेल तर एखादी वायर पात्यांना घासते आहे, नाहीतर डिस्कचा स्क्रू ढिला राहिलाय. ते काम पाच मिनिटांचं. पण एकसारखा, चढत जाणारा घोंगाट असेल आणि मशीन रिकामं बसलेलं असतानाही तो उतरत नसेल, तर पंखा ठणठणीत आहे. त्याला डिस्कचं तापमान कळत नाहीये. घरात थर्मामीटर नसेल तर आई आजारी पोराच्या कपाळावर रात्रभर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवत बसते. मशीनही तेच करतं: आकडा मिळाला नाही की ताप जास्तच आहे असं धरून चालतं.

हा त्रास सगळ्यात जास्त २००९ च्या अखेरीपासून २०११ पर्यंतच्या आयमॅकमध्ये. त्याआधीच्या आयमॅकमध्ये सेन्सर डिस्कच्या अंगावर बाहेरून चिकटवलेला असे. तो जपून सोडवून नव्या डिस्कवर बसवला की झालं. २००९ च्या अखेरीच्या आणि २०१० च्या मॉडेलांत डिस्कच्या आतलाच सेन्सर वापरायला घेतला. त्यासाठी डिस्कच्या मागच्या बारीक पिनांवर एक वायर बसते, आणि ती सीगेट, वेस्टर्न डिजिटल, हिताची अशी कंपनीप्रमाणे वेगळी असते. म्हणून या मशीनसाठी डिस्क घ्यायची तर जुनी ज्या कंपनीची होती त्याच कंपनीची बघावी. २०११ मध्ये ती वायरही गेली. तापमान पॉवरच्या कनेक्टरमधूनच यायला लागलं, पण ते सांगणारी डिस्क ॲपलसाठी खास बनवलेली असायची. बाजारातली साधी डिस्क तो निरोप देतच नाही. तिथे तू कितीही काळजीने काम केलंस तरी पंखा ओरडणारच. यात तुझ्या हाताचा दोष नाही.

तरी पुन्हा उघडण्याआधी एक कर. मशीन बंद कर, पॉवरची वायर भिंतीतून काढ, १५ सेकंद थांब, वायर परत लाव, आणखी ५ सेकंदांनी बटण दाब. याने एसएमसी रीसेट होतो, म्हणजे पंखे सांभाळणारी चिप नव्याने सुरुवात करते. एवढ्याने आवाज गेला तर देव पावला.

नाही गेला तर उघड. समोरची काच चुंबकांवर टिकलेली असते. दोन सक्शन कपांनी सरळ उचल, आणि ती गादीवर ठेव. पडदा टॉर्क्स टी-१० स्क्रूंनी बसवलेला असतो. आत पॉवर सप्लायचा बोर्ड उघडा आहे. वायर काढलेली असली तरी त्याच्या कपॅसिटरमध्ये वीज राहते, तिकडे बोट नेऊ नकोस. आता डिस्कच्या आधी पडद्याची वायर बघ. पडद्याच्या तापमानाचीही एक बारीक वायर असते. परत बसवताना ती लावायची राहून गेली, तरी पंखे पूर्ण वेगाने धावतात. डिस्कवर संशय घेऊन लोक दोन-दोनदा डिस्क बदलतात आणि दोष या बोटभर वायरीत निघतो.

ती जागेवर असेल तर उपाय दोन. पहिला, आणि माझ्या मते खरा: त्याच मॉडेलसाठी मिळणारी सेन्सरची केबल. ती पॉवरच्या कनेक्टरला जोडायची आणि तिचा सेन्सर नव्या डिस्कच्या अंगाला चिकटवायचा. मग पंखा खऱ्या तापमानावर चालतो, विंडोज चालवलंस तरीही. दुसरा उपाय सॉफ्टवेअरचा. मॅक्स फॅन कंट्रोलसारखा प्रोग्रॅम डिस्कने स्वतः नोंदवलेलं तापमान वाचतो आणि पंख्याचा वेग ठरवतो. केबल मागवणं परवडत नसेल तर हा चांगला, फक्त मशीन पूर्ण सुरू होईपर्यंत आवाज सोसावा लागतो. पंख्याचा वेग एका आकड्यावर बांधून टाकू नकोस, तापमानाप्रमाणे बदलता ठेव.

सेन्सरच्या दोन तारा एकमेकींना जोडून टाकायची युक्तीही तुला कोणीतरी सांगेल. पंखा शांत होतो हे खरं. एसएसडी बसवली असेल तर निभावतं, कारण ती कमी तापते. फिरती डिस्क असेल तर मात्र करू नकोस. अशा डिस्कला साधारण ६० अंशांपर्यंतच चालवायची परवानगी असते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात बंद खोलीत तिथवर पोचायला वेळ लागत नाही.

उघडलंच आहेस तर धूळही काढ. पात्याला बोट लावून धर आणि मगच हवा मार, नाहीतर पंखा भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं.

आणि केबल येईपर्यंत आवाज असह्य झाला तरी पंख्याचा कनेक्टर काढून ठेवू नकोस. घोंगाटाने फक्त कान दुखतात; पंखा बंद पडला तर डिस्क जाते, आणि तिच्यातले फोटो परत येत नाहीत.