आधी कोयंडा, मग कुलूप: घर बंद करून गावी जाताना कुठे किती खर्च करावा

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी संपत आली की वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर एक बातमी ठरलेल्या शब्दांत येते: बंद फ्लॅटच्या दाराचा कडी-कोयंडा उचकटून चोरट्यांनी इतके तोळे सोनं आणि इतकी रोकड लांबवली. गणपतीत मुंबई-ठाण्यातले चाकरमानी कोकणात गेले की तीच बातमी डोंबिवली, विरार, नालासोपाऱ्याच्या नावाने येते. ग्राहक म्हणून ही बातमी नीट वाचण्यासारखी आहे. चोर कुलपाशी झटापट करत बसत नाही. तो कटावणी घालतो ती कोयंड्यात, कारण कोयंडा चार बारक्या स्क्रूंच्या जोरावर उभा असतो आणि ते स्क्रू फळीत जेमतेम अर्धा इंच गेलेले असतात. आपण मात्र दुकानात जाऊन हजार-दीड हजाराचं भारी कुलूप घेतो आणि ते त्याच हलक्या कोयंड्याला लावतो.

म्हणून पहिला खर्च कोयंड्यावर करा. जाड लोखंडी किंवा स्टीलचा कोयंडा साधारण ३०० ते ६०० रुपयांत मिळतो. तो बसवायला सुतार ३०० ते ५०० रुपये घेईल. बसवताना लहान स्क्रू न वापरता दाराच्या आरपार जाणारे नट-बोल्ट लावायला सांगा, आणि चौकटीकडच्या बाजूला लांब स्क्रू. सुतार आलाच आहे तर बिजागऱ्याही तपासून घ्या. जुन्या इमारतींत चौकट भिंतीपासून सुटलेली असते. ती सिमेंटने पक्की केल्याशिवाय दारावर केलेला कुठलाही खर्च वाया जातो. (इथे आणि पुढे दिलेल्या किमती पुणे, ठाणे, नाशिक अशा शहरांतल्या साधारण दराच्या आहेत. कारागीर आणि दुकान बदललं की थोडा फरक पडेल.)

थोडे जास्त पैसे घालायचे असतील तर दाराच्या आतच बसणारं मॉर्टिस लॉक घ्या. बसवण्यासकट २,५०० ते ५,००० रुपये लागतात. त्याचा मोठा फायदा असा की बाहेर टांगलेलं कुलूप दिसत नाही, त्यामुळे घरात कोणी आहे की नाही हे जिन्यावरून जाणाऱ्याला कळत नाही. लोखंडी सेफ्टी डोअर ८,००० ते १५,००० रुपयांपर्यंत जातं. तळमजल्याला आणि बंगल्याला ते उपयोगी आहे, पण त्यासोबत मागच्या खिडकीचं आणि बाथरूमच्या झरोक्याचं ग्रिलही पाहायला हवं. बोटाच्या ठशावर उघडणारं डिजिटल लॉक ८,००० पासून २०,००० च्या पुढे मिळतं. किल्ली हरवण्याची कटकट मिटते, एवढ्यासाठी घ्यायचं तर जरूर घ्या. घरफोडीच्या भीतीने घेत असाल तर आधी चौकट बघा, असंच मी सांगेन.

फुकटातली कामं

या विषयात जी गोष्ट सगळ्यात जास्त उपयोगी पडते तिला पैसे पडत नाहीत, आणि म्हणूनच ती राहून जाते. प्रत्येक सुट्टीच्या आधी पोलीस आवाहन करतात की गावी जाताना शेजाऱ्यांना आणि पोलीस ठाण्याला कळवा. बहुतेक लोक ते वाचतात आणि सोडून देतात. आपल्या भागाचं पोलीस ठाणं किंवा चौकी कोणती, तिथले बीट मार्शल कोण, हे जाण्याआधी विचारून घ्या. पत्ता, किती दिवस बाहेर, मागे संपर्क कोणाशी, असं चार ओळींचं पत्र दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर पोच घ्या. याला काही शुल्क नाही, आणि कोणी मागितलं तर देऊ नका. पत्र दिलं म्हणजे दारात शिपाई उभा राहणार नाही. पण रात्रीच्या गस्तीवरच्या माणसाला कोणती इमारत अर्धी रिकामी आहे हे कळतं. एकेकट्याने पत्र देण्यापेक्षा सोसायटीच्या सेक्रेटरींनी बंद घरांची यादी एकत्र दिली तर ती नक्की वाचली जाते. मात्र ही यादी व्हॉट्सॲपच्या मोठ्या ग्रुपवर किंवा नोटीस बोर्डावर टाकू नये.

आंध्र प्रदेशात पोलिसांची बंद घरांसाठी वेगळी व्यवस्था आहे. मोबाईल ॲपवर नोंद केली की पोलीस घरात हालचाल टिपणारा कॅमेरा लावून जातात, तोही फुकट. केरळ पोलिसांच्या ॲपवरही बंद घराची नोंद करता येते, आणि पोलीस आणि नागरिकांना जोडणारा तिथला 'जनमैत्री' उपक्रम २००८ पासून चालू आहे. आपल्याकडे इतकं नेटकं काही राज्यभर नसलं तरी पोलीस आणि वस्तीने मिळून काम करण्याची परंपरा मात्र आहे. १९८८ मध्ये भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई दंगलींत पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. पोलीस आणि वस्तीची रोजची ओळख असेल तर काय होतं, याचं त्याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

गावाकडे पोलीस पाटील आहेत, ग्रामसुरक्षा दलं आहेत. पुणे, नाशिक, सातारा अशा जिल्ह्यांत अनेक गावांनी ग्राम सुरक्षा यंत्रणा घेतली आहे. तिच्या टोल फ्री क्रमांकावर फोन करून निरोप सांगितला की तोच आवाज गावातल्या सगळ्या नोंदलेल्या फोनवर एकाच वेळी वाजतो. तुमच्या आईवडिलांचं गाव त्यात असेल तर त्यांचा क्रमांक नोंदलेला आहे का, हे या सुट्टीत ग्रामपंचायतीत जाऊन पाहा.

गावकऱ्यांनी किंवा रहिवाशांनी स्वतः घातलेल्या गस्तीबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून भिक्षेकरी समाजातल्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचल्याला चोरांच्या अफवेने दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. अनोळखी माणूस दिसला तर काम एकच: ११२ ला फोन. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला नागरिक धरून ठेवू शकतात, पण नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याप्रमाणे त्याला विनाविलंब, फार तर सहा तासांत पोलिसांच्या हवाली करावं लागतं. हात उगारण्याचा अधिकार यात कुठेच नाही. मारहाण करणाऱ्या जमावातला प्रत्येकजण आरोपी होतो.

शेजाऱ्यांशी बोलून करायच्या गोष्टीही पैशांच्या नाहीत. पेपर आणि दूध बंद करा. किल्ली पायपुसण्याखाली, मीटरच्या पेटीत किंवा चपलांच्या रॅकमध्ये ठेवू नका, शेजारी द्या. दिवाळीत अख्ख्या मजल्यावर आकाशकंदील आणि एकच दार अंधारात, हे खालून पाहणाऱ्याला लगेच कळतं. आपल्या दारातही रोज दोन रेघांची रांगोळी आणि पणती ठेवायला शेजारच्या काकूंना सांगून जा. आणखी एक, ज्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं: घरफोडी करणारे मजल्यावरच्या बाकीच्या दारांना बाहेरून कड्या घालतात, म्हणजे आवाज ऐकूनही कोणाला बाहेर पडता येत नाही. तुमच्या दाराला मॉर्टिस लॉक असेल तर ती बाहेरची कडी काढूनच टाका. हवीच असेल तर शेजाऱ्यांचे फोन क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

कॅमेरा आणि वॉचमन

घरातला एक वायफाय कॅमेरा १,५०० ते ३,००० रुपयांना येतो, मेमरी कार्डाचे ५०० वेगळे. तो चोराला थांबवत नाही. तो तुम्हाला रत्नागिरीत बसल्या जागी कळवतो की दार उघडलं गेलं, आणि मग शेजाऱ्याला व ११२ ला फोन करता येतो. म्हणून वायफायचा राउटर चालू ठेवून जावं लागतं. मीटरचा मेन स्विच पाडून गेलात तर कॅमेरा आंधळा. ठरावीक वेळी दिवा लावणारा टायमर किंवा स्मार्ट प्लग ५०० ते ९०० रुपयांत मिळतो आणि माझ्या मते तो कॅमेऱ्याआधी घ्यावा.

सोसायटीसाठी चार कॅमेरे, रेकॉर्डर, हार्ड डिस्क आणि वायरिंग असा संच १५,००० ते २५,००० रुपयांत बसतो. खर्च करूनही फुटेज कामाचं निघत नाही याची कारणं दोन. कॅमेरा इतका उंच लावलेला असतो की टोपीखालचा चेहरा दिसत नाही. एक तरी कॅमेरा फाटकाशी चेहऱ्याच्या उंचीला हवा. दुसरं, रेकॉर्डरचं घड्याळ चुकीचं असतं आणि डिस्कवर साधारण दोन आठवड्यांचंच चित्रण राहतं. तुम्ही तीन आठवडे बाहेर असाल तर परत येईपर्यंत चोरीच्या रात्रीचं फुटेज पुसलेलं असू शकतं. सुट्टीच्या आधी सेक्रेटरींनी दहा मिनिटं देऊन घड्याळ आणि साठवण तपासावी, याला पैसे लागत नाहीत.

वॉचमनचा हिशेब असा: एजन्सीचा माणूस बारा तासांच्या पाळीला महिन्याला १६,००० ते २०,००० रुपये पडतो. दोन पाळ्यांचे ३६,००० धरले तर चोवीस फ्लॅटच्या सोसायटीत दर फ्लॅटमागे १,५०० रुपये. एजन्सीकडे २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्याखालचा परवाना हवा. त्याची प्रत मागा, आणि त्यातली किती रक्कम प्रत्यक्ष वॉचमनच्या हातात पडते हेही विचारा. अर्ध्या पगारावर सलग दोन पाळ्या करणारा माणूस पहाटे तीनला जागा राहू शकत नाही. सुट्टीत वॉचमनही गावी जातो आणि बदलीचा माणूस येतो. त्याचा फोटो आणि ओळखपत्र आधी घ्या, आणि जुन्या-नव्या दोघांची एकमेकांशी गाठ घालून द्या. चोरी झाली की पहिला संशय वॉचमनवर आणि कामवाल्या ताईंवर घेण्याची आपल्याकडची सवय अन्यायाची आहे. त्यात तपासही भरकटतो.

सोनं आणि विमा

घरफोडीत जातं ते मुख्यतः सोनं, म्हणून खरा आर्थिक निर्णय इथे आहे. सरकारी बँकांत लहान लॉकरचं वर्षाचं भाडं साधारण १,५०० ते ३,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे २,००० रुपयांचा लॉकर २,३६० ला पडतो. लॉकर हवा असेल तर लाख-दोन लाखांची ठेव ठेवा किंवा विमा घ्या, असं शाखेत सांगितलं जातं. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१ च्या नियमांप्रमाणे, नवीन लॉकर देताना बँक फार तर तीन वर्षांचं भाडं आणि लॉकर फोडण्याचा खर्च भागेल इतकीच मुदत ठेव मागू शकते. लॉकर शिल्लक नसेल तर अर्जाची पोच आणि प्रतीक्षा यादीतला क्रमांक द्यावा लागतो. हे नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू आहेत.

त्याच नियमांत मर्यादाही आहे. चोरी, दरोडा, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट. २,००० भाडं असेल तर दोन लाख. तोळा लाखाच्या पुढे गेलेल्या दिवसांत ही रक्कम दोन तोळ्यांनाही पुरत नाही. भूकंप-पुरात तर बँक जबाबदारच नाही. तरीही घरच्या कपाटापेक्षा लॉकर कितीतरी बरा.

घराच्या विम्याबाबत मोठा गैरसमज आहे. एप्रिल २०२१ पासून विकली जाणारी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आग, पूर, भूकंप यांसाठी आहे. चोरी तिच्यात येते ती अशा आपत्तीमुळे आणि तिच्यानंतर सात दिवसांत झाली तरच. साध्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं: सामानाला लाखामागे काहीशे रुपये, दागिन्यांचा दर त्याहून बराच जास्त. सही करण्याआधी दोन कलमं वाचा. घर सलग किती दिवस रिकामं राहिलं तर संरक्षण थांबतं, आणि बळजबरीने आत शिरल्याची खूण असणं आवश्यक आहे का. दुसरी अट असेल तर पायपुसण्याखालच्या किल्लीने उघडलेल्या घराचा दावा नाकारला जाऊ शकतो.

एका साध्या कुटुंबाचा हिशेब मांडला तर कोयंडा ५००, सुतार ४००, टायमर ६००, लॉकर २,३६०, एक कॅमेरा कार्डासकट २,५००. एकूण ६,३६० रुपये, आणि त्यातलं फक्त लॉकरचं भाडं दरवर्षी. पैसे कमी असतील तर हाच क्रम ठेवून मागून कापत या.

चोरी झालीच तर

आत जाऊ नका, काहीही उचलू नका, ११२ ला फोन करा. ठसे तुमच्याच हातांनी पुसले जातात. एफआयआर नोंदवणं आणि तिची प्रत मिळणं दोन्ही मोफत आहे. परगावी असाल तर कुठल्याही पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येते. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत सही करावी लागते. ठाण्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तालयात लेखी पाठवा. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत कळवणं पोलिसांना बंधनकारक आहे. फोन गेला असेल तर केंद्र सरकारच्या 'संचार साथी'वर तो मोफत बंद करता येतो. सुट्टीच्या बुकिंगच्या नावाखाली ऑनलाइन पैसे गेले असतील तर एक तासही न थांबता १९३० ला फोन करा.

जाण्याआधी दागिन्यांची बिलं आणि फोटो भावाबहिणीकडे पाठवून ठेवा. फिर्यादीत 'सोन्याचे दागिने' एवढंच लिहू नका. वजन, घडण, हॉलमार्क, सोनाराचं नाव असं सगळं लिहून घ्या. चोर सापडला आणि सोनं जप्त झालं तर मुद्देमाल परत मिळवण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि तिथे हे तुमचंच आहे हे दाखवायला हीच बिलं लागतात. सोनं वितळवून लगड केलेली असेल तर वजनाची नोंद हाच आधार उरतो. वकिलाची फी शहरानुसार बदलते, पण कागद पुरे असतील तर स्वतः अर्ज करूनही हे काम होतं. त्यासाठी सरकारी वकिलांच्या कार्यालयात विचारा. ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.