अर्धवट पूल, जप्त अनामत

प्रश्न : सरकारी पुलाचं काम मी बी-१ निविदेवर घेतलं. जागा उशिरा ताब्यात मिळाल्याने मुदत हुकली. आता खात्याने करार रद्द करून अनामत जप्त केली. उरलेलं काम माझ्या खर्चाने दुसऱ्याकडून करून घेणार म्हणतात. काय करू?

उत्तर : कोर्टाचं नंतर पाहू. नवा कंत्राटदार साइटवर उतरण्याआधी संयुक्त मोजणीची लेखी मागणी करा. पायाचं काँक्रीट एकदा भरावाखाली गेलं की तुमचा पुरावाही गाडला गेला! मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी पटत नसतील तर ‘हरकत राखून’ असं लिहूनच सही करा.

मुदत हुकली म्हणून करार लगेच मोडता येतो, असं नाही. नाशिक डाव्या कालव्यावरील जलसेतूच्या कामात असाच वाद झाला. हिंद कन्स्ट्रक्शन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये निकाल दिला, की करारात मुदतवाढ आणि विलंबाच्या दंडाची तरतूद असेल, तर मुदत हा सहसा कराराचा प्राण ठरत नाही. तिथे करार रद्द करणं बेकायदा ठरलं.

अर्थात तुम्ही मुदतवाढ लेखी मागितली होती का? साहेबांशी फोनवर झालेलं बोलणं इथे फारसं कामाला येत नाही. जागेचा ताबा मिळाल्याची तारीख असलेलं पत्र शोधा. सगळी मदार त्यावर आहे.

जादा खर्चाची वसुली आली, तर नव्या निविदेतली परिमाणं आणि तपशील तुमच्याच कामाचे आहेत का, ते ताडून पाहा. दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. नुसत्या स्मरणपत्रांनी ती वाढत नाही.