चांगला रंधा कसा असतो?

माझे आजोबा सुतार आहेत. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. आप्पांच्या पेटीत वाकस, पटाशी, करवत, गिरमिट, गुण्या आणि रंधा असतो. रंध्याच्या तळाला फट असते. तिच्यातून पात्याची धार किंचित बाहेर येते. रंधा ढकलला की पातळ छिलका निघतो आणि लाकूड गुळगुळीत होते.

मागे आप्पांनी बाजारातून नवा लोखंडी रंधा आणला. स्वस्त होता. पण तो लाकडावर थडथड उडायचा अन् रेघा पाडायचा. आप्पा म्हणाले, "पैसं पाण्यात गेलं." मला वाईट वाटले. मी गुरुजींना विचारले, "चांगला रंधा कसा असतो?" तेव्हा त्यांनी ही माहिती सांगितली.

अमेरिकेत स्टॅनले नावाची मोठी कंपनी आहे. तिने १८६९ साली लेनर्ड बेली यांचा रंध्यांचा धंदा विकत घेतला. तिचे लोखंडी रंधे पुष्कळ देशांत गेले. पुढे विजेची यंत्रे आली. हाताचे रंधे कमी खपू लागले. मग कंपनीने कितीतरी जातींचे रंधे बनवणे बंद केले.

थॉमस ली-निल्सन हे न्यूयॉर्कला हत्यारे विकणाऱ्या एका कंपनीत कामाला होते. सुतार काय मागतात हे त्यांना ठाऊक होते. १९८१ साली त्यांनी मेन राज्यात स्वतःचा छोटा कारखाना काढला. त्यांचा पहिला रंधा हाताच्या मुठीत मावेल असा होता. फळीची कड काटकोनात करायला तो वापरतात. स्टॅनलेच्या ९५ नंबरच्या रंध्यावरून तो बनवला होता.

त्यांचे रंधे चांगले का?
१) पहिला रंधा ब्राँझचा होता. ब्राँझ लोखंडासारखे गंजत नाही.
२) साधे बीड खाली पडले की फुटते. त्यांचे बीड वेगळ्या जातीचे असते. ते सहसा फुटत नाही.
३) पाते जाड असते, म्हणून थडथडत नाही.
४) तळ अगदी सपाट घासलेला असतो.

एवढी मेहनत असते म्हणून हे रंधे फार महाग असतात. आप्पांना ते परवडणार नाहीत. पण चौथा मुद्दा ऐकून आप्पा हसले. म्हणाले, "घासायचं तर आपल्या हातात हाय की!" आम्ही जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवला आणि रंध्याचा तळ घासला. मी पाणी टाकत होतो. दोन दिवस लागले. मग आप्पांनी पात्याला धार लावली. आता रंधा थोडा थडथडतो, कारण पाते पातळ आहे. पण रेघा पडत नाहीत. आमच्या वर्गाच्या कपाटाचे दार त्यानेच रंधले आहे. हात लावून पाहा.

यावरून मला कळले की कारखान्याने चुकवलेली मेहनत शेवटी सुतारालाच करावी लागते.

सांगा पाहू : पाते जाड असेल तर रंधा का थडथडत नाही?

– इयत्ता चौथी